रत्नागिरीचं कपाट

"झाड मरतंय, लाकूड न्हाय मरत," असं म्हणत मिस्त्री फळीवर तळहात ठेवायचे. वैद्याने नाडी बघावी तसे. तेव्हा आसपास कोणी बोललेलं त्यांना खपायचं नाही.

सोलापुरात एकाच पत्र्याच्या शेडमध्ये आम्ही कित्येक वर्षं काम केलं. सुतारकाम त्यांचं, पॉलिश माझं. माळशिरसकडच्या मेंढपाळ घरातला हा माणूस. मेंढरं सोडून रंधा कसा काय हाती धरला, असं कोणी विचारलं की म्हणायचे, "मेंढरागत लाकूडबी हलतंय की. राखणच हाय ही."

पावसाळ्यात दार अडकतं आणि उन्हाळ्यात तेच सैल होतं, हे तुम्हीही घरी पाहिलं असेल. आपण दाराला शिव्या देतो. मिस्त्री हवेचा विचार करायचे. पाइनची पातळ फळी चौकटीत बसवताना त्यांनी तिला कधी सरस लावला नाही. चौकटीच्या आतल्या खाचेत फळी नुसती सरकवायची, वर-खाली मधोमध एकेक बारीक खिळा मारायचा, आणि दोन्ही कडांना हलायला जागा ठेवायची. उन्हाळ्यात बसवली तर जागा जास्त, पावसात बसवली तर कमी. बसवण्याआधीच तिला कडेपर्यंत पॉलिश झालेलं पाहिजे, नाहीतर फळी आकसली की कडेला कोरी रेघ उघडी पडते. मी कंटाळा केला की ओरडायचे, "आंगुळ आदी, कापडं मागनं!"

एकदा नवी पेठेतल्या एका कापड दुकानात कपाटाची फळी भर मे महिन्यात फटाका फुटावा तशी फाटली. गिऱ्हाइकं घाबरून बाहेर आली. कपाट दुसऱ्याच कोणाच्या हातचं होतं. मिस्त्रींनी ते पाहिलं. फळी चारी बाजूंनी सरसाने चिकटवलेली. "बांदून घातलीया," ते म्हणाले. "आकसायला जागा न्हाय, मग वरडंल न्हाय तर काय?" एखादं मुकं जनावर कोणी मारलेलं पाहावं, तसा त्यांचा आवाज झाला होता.

त्यांना एकच मुलगी. बायको लवकर गेली, मुलीला त्यांनीच वाढवलं. ती नर्स झाली आणि रत्नागिरीच्या एका दवाखान्यात तिला नोकरी लागली. ती निघाली तेव्हा आम्हाला वाटलं, मिस्त्री आता कपाट देणार. त्यांनी तिच्या हातात वीतभर रुंद पाइनचा तुकडा ठेवला, आणि सोबत एक अरुंद लांब पट्टी. पट्टीवर तुकड्याच्या रुंदीची खूण केलेली.

"आबा, लोकं पोरीला कपाट देतात. तुमी तुकडा देताय?"

"समुद्राची हवा मी कदी बगितली न्हाय, पोरी. आदी ह्ये लाकूड तितं ऱ्हाऊ दे. पावसात फुगलं की पट्टीवर नवी खूण कर. लाकूड रुंदीत फुगतंय, लांबीत न्हाय. पट्टीची लांबी हाय तशी ऱ्हाती."

तुकडा आणि पट्टी पिशवीत कोंबून ती एसटीत बसली. पुढे फोनवर भांडायची. "ट्रंकेतनं कपडे काढून घालते मी. मैत्रिणी विचारतात, बाप सुतार ना तुझा? काय सांगू त्यांना?" असा फोन आला की त्या दिवशी मिस्त्रींचा रंधा धड चालायचा नाही.

मी म्हटलं, "अंदाजानं करून टाका की."

"अंदाज हितल्या हवेचा हाय मला. तिच्या हवेचा न्हाय."

दिवाळीला ती पट्टी घेऊन आली. नवी खूण आधीच्या खुणेपेक्षा काडेपेटीच्या काडीच्या जाडीएवढी पुढे होती. मिस्त्री दोन खुणांमधल्या अंतरावरून नख फिरवत राहिले. "येवडं?"

"आबा, तिथं आठ-आठ दिवस कपडे वाळत नाहीत."

लाकूड पुरतं सुकावं म्हणून त्यांनी उन्हाळ्यापर्यंत वाट पाहिली आणि मग कपाट केलं. प्रत्येक फळीला, तिच्या रुंदीच्या हिशोबाने, ती काडीची जागा. टेम्पोतून आम्ही दोघंच घेऊन गेलो. घाटातल्या प्रत्येक वळणावर फळ्या खडखडत होत्या. टेम्पोवाला हसला, "मिस्त्री, तुमचं कपाट लई बोलतंय!"

मुलीने दार उघडलं, फळी थरथरली. तिचा चेहरा उतरला. "हे असंच वाजत राहणार?"

"पाऊस पडू दे," ते म्हणाले.

परतताना मात्र वाटेत एकदम म्हणाले, "चुकलं आसंल तर रं?" या माणसाला घाबरलेलं मी तेव्हाच पाहिलं.

पावसाळा सुरू झाल्यावर ते एकटेच रत्नागिरीला गेले. एके दुपारी त्यांचा व्हिडिओ कॉल आला. मागे पावसाचा नुसता धबधबा. त्यांनी फोन दाराजवळ नेला आणि फळीवर टकटक केली. दार जोरात हलवलं.

"काय आयकू येतंय?"

"काहीच नाही, मिस्त्री."

"व्हय," ते म्हणाले.

फळ्या चौकटीत नेमक्या भरल्या होत्या. एकही फुगून वर आली नव्हती, चौकटीचा एकही सांधा उघडला नव्हता. न पाहिलेल्या समुद्राची हवा त्यांनी इथे, सोलापूरच्या उन्हात बसून मापली होती.

ते परत आले नाहीत. त्याच हिवाळ्यात, मुलीच्याच घरी, झोपेत गेले.

व्हिडिओ कॉलच्या त्या दुपारी फोन बंद करायचं त्यांच्या लक्षात राहिलं नव्हतं. कुठल्याशा फडताळावर तो टेकवून ठेवला होता. मिस्त्रींनी हात धोतराला पुसले, दोरीवरचे मुलीचे दमट पांढरे गणवेश एकेक करून काढले, नाकाशी धरून वास घेतला आणि पुन्हा दोरीवर पसरले. मग पंखा लावला आणि त्याच्याखाली उभे राहून गणवेशांच्या बाह्या हाताने हलवत राहिले. मीही फोन तोडला नाही.