कॅनॉलच्या कडेनं, उगीचच

शहात्तर सालच्या दिवाळीच्या सुट्टीत मी आणि माझा नवरा कॅनॉलच्या कडेनं कराडहून सांगलीला सायकलवरून यायला निघालो, आणि त्याला कारण फ्रान्स होतं.

नवरा सांगलीच्या एका कॉलेजात इतिहास शिकवायचा. त्याचा एक सहकारी वर्षभर फ्रान्सला राहून आला होता आणि आल्यापासून पडद्यावर रंगीत स्लाइड्स दाखवून त्यानं सगळ्यांना जेरीस आणलं होतं. त्यात कालव्याच्या दुतर्फा उंच झाडं होती, आरशासारखं पाणी होतं आणि गोरी जोडपी सायकली झाडाला टेकवून गवतावर पाव आणि चीज खात बसली होती. ही मंडळी कुठं निघालीत, असं कुणीतरी विचारलं. कुठंच नाही, सहकारी म्हणाला, तिकडं लोक उगीच फिरतात. हा 'उगीच' माझ्या नवऱ्याच्या डोक्यात जाऊन बसला. पुढचे पंधरा दिवस तो मला ऐकवत होता की ज्या समाजाला उगीच फिरता येत नाही, तो समाज मागासलेला. आमच्या लग्नाला सहाच महिने झाले होते, म्हणून मी त्याचं म्हणणं अजून शेवटपर्यंत ऐकत होते. शिवाय माझी सायकल लग्नापासून जिन्याखाली पडून होती.

सासूबाईंनी एवढंच विचारलं, की एसटीचा संप आहे का. नाही म्हटल्यावर त्यांनी दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी बांधून दिली. चीज सांगलीत मिळत नव्हतं. पंक्चरचं सामान ठेवायला नवऱ्यानं कॉलेजातून एक पत्र्याची पेटी आणली. पांढरी, झाकणावर लाल फुली असलेली जुनी प्रथमोपचाराची पेटी. ती त्यानं घासूनपुसून कॅरिअरला बांधली.

सायकली एसटीच्या टपावर टाकून आम्ही कराडला माझ्या मावशीकडं मुक्कामाला गेलो आणि सकाळी बंधाऱ्यापासून निघालो. नवऱ्याचा हिशेब सरळ होता. पाणी कराडहून खाली आपलं आपण जातं, म्हणजे सगळा उतार आहे, पायडल मारायची गरजच नाही. पण कॅनॉल खणणाऱ्यांनी तो उतार इतका बेतानं ठेवला होता की तो पाण्याला कळत असेल, सायकलला कळत नव्हता. भरावावर झाडं होती, पण बाभळीची. पहिल्या तासात दोन पंक्चर झाली.

वाटेत जो भेटेल तो विचारायचा, कुणीकडं निघाला? नवरा प्रसन्न चेहऱ्यानं सांगायचा, कुठं नाही, उगीच. मग विचारणारा पेटीकडं बघायचा, माझ्याकडं बघायचा आणि बैल सोडून उसात शिरायचा. म्हशी धुणारा एकजण अर्धी धुतलेली म्हैस तशीच पाण्यात ठेवून पळाला. नवरा म्हणाला, ग्रामीण माणूस मुळात लाजाळू असतो.

दहाच्या सुमारास एक गाव लागलं. पारावर सात-आठ पुरुष बसले होते. आम्ही सायकलवरून उतरेपर्यंत एकच उरला, तोही सत्तरीच्या पुढचा म्हणून. आम्ही पाणी मागितलं. त्यानं तांब्या दिला आणि शांतपणे म्हणाला, "माझं वय झालंय, सायेब. मला नेऊन तुमचा कोटा भरायचा न्हाई."

तेव्हा आमच्या डोक्यात प्रकाश पडला. ते नसबंदीचे दिवस होते. ग्रामसेवकापासून मास्तरापर्यंत प्रत्येकाला माणसं आणायचा आकडा ठरवून दिलेला होता, आणि लाल फुलीची पेटी घेऊन गावात येणाऱ्या माणसाचं काम सगळ्यांना माहीत होतं. नवऱ्यानं म्हाताऱ्याला समजावलं की आम्ही सरकारी नाही, पेटीत पंक्चरचं सामान आहे, आम्ही नुसते फिरायला आलोय. म्हाताऱ्यानं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाला, "बायकू संगं आणायची युक्ती चांगली हाय. गेल्या येळच्यांना सुचली न्हवती."

एवढ्यात प्राथमिक शाळेचे मास्तर धावत आले. चाळिशीचे, सदऱ्याची बटणं एकेक घर चुकवून लावलेली. आज तरी पथक आलं, म्हणून त्यांना भरून आलं होतं. आम्ही पथक नव्हे हे कळल्यावर ते पारावर खालीच बसले. दोन केस दिल्याशिवाय त्यांचा पगार निघणार नव्हता. ते स्वतः ऑपरेशन करून घेऊन मोकळे झाले होते, पण ते मागच्या सालच्या आकड्यात गेलं होतं. मग हळूहळू त्यांची नजर माझ्या नवऱ्यावर स्थिरावली. मुलं किती, त्यांनी विचारलं. नवरा म्हणाला, अजून नाहीत, लग्नाला सहा महिने झालेत.

"मग तर बरंच आहे सर," मास्तर म्हणाले, "अजून मोह जडला नसेल."

ते आम्हाला आग्रहानं चहाला घरी घेऊन गेले. सोप्यात बसून ते नवऱ्याला देशाच्या लोकसंख्येबद्दल सांगायला लागले आणि मी हातपाय धुवायला परसात गेले. तिथं घागर काखेत घेऊन एक बाई उभी होती. माझ्याहून सात-आठ वर्षांनी मोठी असेल.

"बाई, तुमी आप्रेशनवाल्या न्हव?" तिनं हळूच विचारलं.

मी नाही म्हणणार तेवढ्यात ती बोलायला लागली. तिचा नवरा मिल्ट्रीत होता, वर्षातून एकदा दोन महिन्यांच्या रजेवर यायचा. "आला की एक ठिवून जातो," ती म्हणाली. सहा झाली होती. येत्या पंधरा दिवसांत तो पुन्हा यायचा होता. बाईमाणसाला काही करता येतं का, किती दिवस भारा उचलायचा नाही आणि सासूला कळल्याशिवाय राहील का, एवढं तिला माझ्याकडून हवं होतं. गावातले सगळे पुरुष ज्या गोष्टीला भिऊन उसात बसले होते, तिची चौकशी करायला ही आपल्या पायांनी आली होती. आणि मला काहीच माहीत नव्हतं. मी बी.ए. होते.

मास्तरांना सांगू का, म्हटलं. तिनं मान हलवली. मास्तर नाव कागदावर घालणार, आणि तो कागद चावडीवर वाचला जाणार. सरकारी दवाखाना तीन मैलांवर होता, कॅनॉलच्याच वाटेवर. मी तिला विचारलं, सायकलवर बसशील का. ती म्हणाली, बैलावर बसलेय.

मी सोप्यात जाऊन नवऱ्याला सांगितलं की एका बाईला सोडून येते. मास्तरांना तेवढ्यात बोलायला सवड मिळेल म्हणून त्यांनीही हरकत घेतली नाही. वाटेत पंक्चर झालं तर असावी म्हणून नवऱ्यानं पेटी माझ्या हवाली केली. गावाबाहेर वळणावर ती बाई, घागर घरी ठेवून आलेली, कॅरिअरवर बसली, पेटी मांडीवर घेतली, आणि आम्ही निघालो. उसाच्या कडेला बिड्या ओढत बसलेले दोघंतिघं पुन्हा आत घुसले. मागं बसलेली बाई हसत होती ते मला सायकलच्या हेलकाव्यावरून कळत होतं.

दवाखान्यातल्या सिस्टरनं सगळं ऐकून सांगितलं की बाईच्या ऑपरेशनला नवऱ्याची सही लागते. नवरा सरहद्दीवर आहे, मी म्हटलं. मग तो आल्यावर सही घेऊन या, सिस्टर म्हणाली. तो आल्यावर उशीर होणार आहे, हे मी तिला दोनदा सांगितलं. सिस्टरनं पेन खाली ठेवलं, बाईकडं जरा वेळ बघितलं आणि विचारलं, "तांबी बसवू का? तिला कुणाची सही लागत नाही."

पडदा ओढला गेला. मी बाहेर बाकावर बसून राहिले. भिंतीवर दोन मुलं आणि हसरे आईबाप असं चित्र होतं, त्यातल्या बापाच्या तोंडावर कुणीतरी पेन्सिलीनं मिशा काढल्या होत्या. अर्ध्या तासानं बाई बाहेर आली. चेहरा उतरला होता, पण चालत होती. सासूला काय सांगणार, मी विचारलं. दात काढला म्हणून सांगीन, ती म्हणाली, म्हातारी आता तोंडात बघत न्हाई.

तिला गावाअलीकडंच उतरवलं. तिथं बांधावरचं गवत उपटून तिनं लहानशी पेंढी बांधली आणि ती डोक्यावर घेऊन पायवाटेनं गेली. मी परतले तेव्हा नवऱ्यापुढं चहाचे चार कप आणि एक छापील फॉर्म होता. नाव आणि सही सोडून मास्तरांनी सगळं भरून ठेवलं होतं. बाईचं नाव-गाव न सांगता मी घडलं तेवढं सांगितलं. मास्तर म्हणाले, "तांबीची अर्धी केस तरी धरतील का हो?"

आम्ही निघालो. पुढं तासभर रस्ता खरोखर स्लाइडसारखा होता. ऊन मऊ झालं होतं, पाण्याकाठी बगळे होते, उसाचे तुरे हलत होते. तो तास मला अजून आठवतो. मग दोन्ही सायकलींची मिळून तीन पंक्चर झाली, डिंक संपला, आणि आम्ही सायकली ढकलत हमरस्त्यावर येऊन सांगलीची एसटी पकडली.

घरी नवऱ्यानं सगळ्यांना बगळ्यांबद्दल सांगितलं. जेवणं झाल्यावर सासूबाई दुसऱ्या दिवशीचं पीठ चाळत होत्या, तेव्हा मी त्यांना त्या बाईची गोष्ट सांगितली. सासूबाईंची आठ बाळंतपणं झाली होती, त्यातली पाच जगली. त्या चाळण हातात धरून थांबल्या.

"फार दुखतं का गं त्यानं?" त्यांनी विचारलं.

थोडंच दुखतं म्हणाली सिस्टर, मी म्हटलं. त्यांनी मान हलवली, कोंडा एका ताटलीत काढला आणि राहिलेलं पीठ चाळायला घेतलं.