अमावास्येचा पाचवा विडा

हुबळीच्या दाजीबानपेठेत अमावास्येला दुकानं बंद असत, म्हणून पंचांची बैठकही अमावास्येलाच. माझ्या सासऱ्यांचं, म्हणजे मामंजींचं, तिथे कापडाचं दुकान होतं आणि दुकानाच्या मागे आमचं घर. दुपारची जेवणं झाली की पाच व्यापारी दुकानातल्या गादीवर लोडाला टेकून बसायचे. आमच्यातल्या कुणाची बायको वारली, कुणाची पोरं उघडी पडली, तर त्या घराचं पुढे काय करायचं ते ही मंडळी ठरवायची. मंडळीला नाव असं काही नव्हतं. लोक नुसतं ‘पंच’ म्हणत, आणि पंचांतल्या मुख्य माणसाला, आमच्या मामंजींना, सगळी पेठ अण्णा म्हणायची.

मी आतल्या दाराशी बसून विडे लावायची. हात पानाला आणि कान बाहेर. हे मला कुणी सांगितलेलं नव्हतं, पण कान काय झाकून ठेवायचे की काय?

पंचांची रीत अशी की आधी बोलणं, मग निर्णय, मग विड्यांचं तबक. पाचही जणांनी विडा उचलला की ठरलं. एखादा जरी तबकात राहिला तर विषय पुढच्या अमावास्येवर, आणि तोवर जे जिथे आहे ते तिथे राहायचं. अर्थात माझ्या देखत विडा कधी राहिला नव्हता. जेवण अंगावर आलेली माणसं, पानाला कोण नाही म्हणतो?

ते लोक वाईट नव्हते, हे आधी सांगून टाकते. पदरमोड करून कितीजणांचे संसार त्यांनी उभे केले. फक्त बायको गेलेल्या बापाला मदत म्हणजे दुसरी बायको, याच्या पलीकडे त्यांची अक्कल गेली नव्हती. पोरं तोवर आजोळी पाठवायची. नवीन बाई रुळली की परत आणायची. कधी आणायची, कधी राहून जायची.

आमच्या दुकानाच्या कट्ट्यावर एक शिंपी मशीन घेऊन बसायचा. त्याची बायको बाळंतपणातल्या तापाने गेली आणि मुलगी मागे राहिली. पहिलटकरीण होती बिचारी. बायकोचा भाऊ अळणावरला शेती करायचा, त्याची बायको मायाळू, मुलगी न्यायला दोघं तयार. पंचांच्या दृष्टीने याहून सोपं काही नव्हतं.

शिंप्याला बोलावलं. तो मुलीला खांद्यावर टाकूनच आला. पंचांच्या बैठकीला पोर घेऊन येतात का? एकाच्या कपाळाला लगेच आठी पडली.

“मला लग्न करायचं नाही,” तो म्हणाला. “मुलगी पाठवायची नाही. सकाळच्या वेळी कुणी बाई तिच्यापाशी बसली आणि दुधाची सोय झाली तर माझं भागेल. बाकीचं मी करतो.”

“बापई माणूस पोर कसं वाढवणार?” आडतीचा धंदा असलेले एक पंच होते, ते म्हणाले. “आणि तेही मुलगी.”

शिंप्याने मुलीला दुसऱ्या खांद्यावर घेतलं. पंचांचं ऐकलं नाही तर काय होतं ते त्याला ठाऊक होतं. कट्टा आमचा, शिवायला येणारं कापड या पाच जणांच्या दुकानांतलं. मुलगी ठेवली तर काम गेलं, आणि काम ठेवलं तर मुलगी गेली. मला तर आत बसून रागच आला होता, पण माझ्या रागाला विचारतो कोण.

मग मामंजींनी त्यांचं नेहमीचं वाक्य काढलं. “अरे, मीसुद्धा आई गेल्यावर आजोळीच वाढलो. मिसरूड फुटल्यावर परत आलो. माझं काय वाकडं झालं?”

हे वाक्य ऐकलं की समोरचा माणूस मान खाली घालायचा. शिंप्याने घातली नाही. उद्धटपणाने नाही, अगदी सरळ त्याने विचारलं, “परत आलात तेव्हा अण्णा, वडलांना काय म्हणून हाक मारलीत?”

तबक मी तयार ठेवलं होतं, तिकडे मामंजींनी बघितलंही नाही. “पुढच्या अमावास्येला बघू,” एवढं म्हणून ते उठून आत आले आणि माझ्याकडे पाणी मागितलं.

तो महिना ते चिडचिडे होते. भाजीला मीठ कमी, धोतराला नीळ जास्त. दुकानात बसून मात्र ते सारखे कट्ट्याकडे बघत. शिंप्याने कापडाच्या गठ्ठ्यावरच्या गोणपाटाची झोळी आढ्याला टांगली होती आणि तिची दोरी मशीनच्या पायट्याला बांधली होती. मशीन चाललं की झोळी हलायची. मशीन थांबलं की मुलगी कुरकुरायची आणि हा ओठातल्या ओठात तिच्याशी काहीबाही बोलायचा, अर्धं मराठी, अर्धं कानडी.

पुढच्या अमावास्येला निर्णय झाला: मुलगी अळणावरला. तबक फिरलं. चौघांनी विडे उचलले. मी दाराच्या फटीतून बघत होते. मामंजींचे हात मांडीवरच होते.

“अण्णा, तुमचा राहिला,” आडते म्हणाले.

“राहू दे.”

“म्हणजे विषय पुढे ढकलायचा?”

“ढकला.”

त्याच्या पुढच्या अमावास्येलाही तेच झालं, आणि त्याच्याही पुढच्या वेळी. मग तो विषय काढायचंच सगळ्यांनी सोडून दिलं. आमच्या गाईचं दूध रोज सकाळी कट्ट्यावर जाऊ लागलं आणि सासूबाई त्याबद्दल मला बोलू लागल्या, जसं काही मीच पाठवत होते. पुढे तसेच आणखी दोघे बाप आले. तेव्हा मंडळीने दुकानामागच्या खोलीत पोरं सांभाळायला एक बाई ठेवली. आडते हा आपलाच विचार म्हणून धारवाडपर्यंत सांगत फिरले. असू दे की, सांगेनात का.

मुलीचं लग्न महायुद्धाच्या दिवसांत झालं. साखर मिळायची मारामार, तरी शिंप्याने मांडव घातला. मामंजी तेव्हा थकले होते, मी त्यांना हाताला धरून नेलं. जेवणं झाल्यावर शिंपी स्वतः तबक घेऊन आला आणि त्यांच्यापुढे बसला.

“अण्णा, घ्या की.”

मामंजींनी विडा उचलला, पण तोंडात घातला नाही. “तू मला एकदा विचारलं होतंस,” ते म्हणाले. “वडलांना काय हाक मारली म्हणून.”

शिंपी ओशाळला. “तेव्हा डोकं ठिकाणावर नव्हतं माझं. मनात ठेवू नका.”

“हाकच मारली नाही,” मामंजी म्हणाले. “ते जाईपर्यंत नाही. काही काम असलं की समोर जाऊन उभा राहायचो, त्यांनी वर बघेपर्यंत.”

इतकी वर्षं त्या घरात काढून मला हे माहीत नव्हतं. तेवढ्यात आतून नवरीने “अप्पा” म्हणून हाक मारली, आणि शिंपी तबक तिथेच ठेवून उठला.