दीडशे वॅटची पट्टी

पुण्यातल्या एका दुकानदाराने मला साठ वॅटचा ट्रान्सफॉर्मर दीडशेचा म्हणून विकला. त्याने फसवलं आणि मी फसलो. भाव करण्यात भोरपासून वेल्ह्यापर्यंत माझा हात धरणारा कोणी नव्हता, हे मी आजही सांगतो. तरीही फसलो.

सत्तर सालानंतरची गोष्ट. माझा लाऊडस्पीकरचा धंदा होता. एक जुना वाल्वचा ॲम्प्लिफायर, दोन भोंगे, एक माईक. या धंद्यात मी का पडलो तेही सांगतो. आमची वस्ती वेल्ह्याच्या अलीकडे, तोरण्याच्या पायथ्याला. दर वर्षी चौदा एप्रिलच्या जयंतीसाठी आम्ही भोरला बॅटरीवरचा लाऊडस्पीकर मागायला जायचो आणि दर वर्षी एकच उत्तर मिळायचं, "सेट बाहेर गेलाय." उत्तर देणाऱ्याच्या डोक्यावरच भोंगे टांगलेले दिसायचे. जयंतीला बोलणाऱ्याचा आवाज तिसऱ्या रांगेपुढे जात नसे. मी हमाली केली, मग भंगाराची खरेदी-विक्री केली आणि सेट घेतला. त्या वर्षी वस्तीत वीज आली होती. पहिल्यांदाच आमच्या जयंतीला आमचा भोंगा वाजणार होता.

पंधरा दिवस राहिले असताना नसरापूरच्या एका लग्नात ॲम्प्लिफायर जळाला. यजमानाला चार भोंगे हवे होते. मी हाव केली, दोन उसने आणून जोडले. तासाभरात उग्र वास आला आणि वाल्वच्या काचेतला तांबूस उजेड विझला. सगळ्या सेटला वीज पुरवणारा ट्रान्सफॉर्मर गेला होता. ती चूक माझी. ती मी कोणाच्या माथी मारत नाही.

भोरला एक म्हातारे मिस्त्री होते. संस्थानाच्या काळात राजवाड्यातले दिवे-पंखे त्यांनी सांभाळलेले. ते म्हणाले, "दीडशे वॅटचा लागेल."

"सेट पन्नासाचा आणि खाणार दीडशे? हा कुठला हिशेब?"

"भोंग्यातून पन्नास निघतात. बाकीचे वाल्व खातात. ते तापतात ते काय फुकट? मी गुंडाळून देतो, थोडा वेळ द्या."

वेळ द्यायचा माझा स्वभाव नाही. मी तडक पुणे गाठलं.

वॅट मला कळत नव्हते, वजन कळत होतं. भंगारात मी एक गोष्ट शिकलो होतो, माणूस खोटं बोलेल पण काटा बोलणार नाही. दुकानदाराला म्हणालो, "जड द्या." त्याने एक दिला. मी हातावर तोलला. "याहून जड." तो आत गेला आणि एक बंद पत्र्याचा डबा घेऊन आला. वर पट्टी होती, दीडशे वॅट. शेजारच्या किराणा दुकानात नेऊन मी तो काट्यावर घातला. मग भाव पाडला, इतका की दुकानदाराने हात जोडले. "तुमच्यासारखी दोन गिऱ्हाइकं आली तर मला गावाकडं जाऊन शेळ्या राखाव्या लागतील." मी खूश. एसटीत डबा मांडीवरून खाली ठेवला नाही.

मिस्त्रींनी तो जोडला. दहा मिनिटांत डब्याला हात लावता येईना. कोपऱ्यातून काळा ओघळ आला. त्यांनी बटण बंद केलं, डबा कापला आणि आतलं डांबर खरवडत गेले. खरवडता खरवडता मुठीएवढी लोखंडी पत्र्यांची थप्पी हाती लागली. बाकी सगळं डांबर. त्यांनी थप्पीला फूटपट्टी लावली.

"साठ. ओढूनताणून सत्तर."

"मी वजन करून घेतलाय."

"लाऊडस्पीकरवाले, वजन बघितलंत ते बरोबरच. वॅट लोखंडाच्या थप्पीत असतात, थप्पी जाड तर वॅट जास्त. पण कशाचं वजन, ते विचारायचं राहिलं. तुम्ही डांबराचा भाव करून आलात."

मी दुकानदाराच्या सात पिढ्या काढल्या. ते ऐकून घेऊन मिस्त्री म्हणाले, "झालं? आता गप बसायचं असेल तर इथं बसा."

त्यांनी एका मोठ्या जुन्या ट्रान्सफॉर्मरची थप्पी काढली, पत्रे साफ केले आणि हाताने फिरवायच्या चाकावर तार चढवली. ती तार केसासारखी. उजेडात धरली तर दिसायची, नाहीतर नाही. डाव्या चिमटीतून तार सुटत होती, उजवा हात चाक फिरवत होता. शंभर वेढे झाले की एका वाटीतला चिंचोका दुसऱ्या वाटीत. ओठ हलत नव्हते. वेढ्याशेजारी वेढा असा बसत होता की तांबडं कापड विणलं जातंय असं वाटावं.

न राहवून मी विचारलं, "किती झाले?"

हात थांबला. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, रागावले नाहीत. शेवटच्या चिंचोक्यापर्यंतची तार उलटी सोडवली आणि तिथून पुन्हा मोजायला लागले. मी आयुष्यात पोलीस पाटलापुढे गप्प बसलो नाही, तिथे बसलो. दोन दिवस बसलो. बाहेर कोणी हाक मारत आलं की मीच उठून त्याला बोटाने गप्प करत होतो.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी त्यांनी नव्या ट्रान्सफॉर्मरला घरातले बल्ब जोडले. आधी दोन, मग चार. एकही बल्ब मंदावला नाही. मी थप्पीवर तळवा ठेवला. ती नुसती कोमट होती आणि आत काहीतरी अगदी बारीक थरथरत होतं, वासराच्या कानशिलावर हात ठेवावा तसं. एवढ्याशा लोखंडातून चार बल्बांचा उजेड जातो, तांब्याची एक तार दुसरीला कुठे चिकटलेलीसुद्धा नसताना जातो, हे मिस्त्रींनी मला समजावून सांगितलं. ते मला पटलं, पण आजही पुरतं समजलेलं नाही.

जयंतीला भोंगा आम्ही आंब्यावर बांधला. भाषणांच्या आधी माझी मावशी माईकपुढे उभी राहिली. तिला नुसतं "या बायांनो, बसून घ्या" एवढंच म्हणायचं होतं. ती म्हणाली आणि क्षणभराने तोरण्याच्या कड्यावरून तेच शब्द माघारी आले. वेल्ह्याच्या बाजारातली माणसं वळून बघू लागली. मावशी माईकपासून मागे सरली.

"आरं, ह्यो माजा आवाज हाय?"

"व्हय मावशे, तुजाच."

"एवडा व्हता व्हय माज्यात?"

कोणी हसलं नाही. मला डोळे पुसायला भोंग्याची तार तपासायचं निमित्त काढावं लागलं.

आठवड्याने तो कापलेला डबा घेऊन मी पुण्याला गेलो. भर गिऱ्हाइकांत काउंटरवर आपटला. दुकानदाराने शांतपणे आत डोकावून पाहिलं.

"तुम्ही जड मागितलंत, जड दिलं. वॅट मागितले असतेत तर वॅट दिले असते."

"आणि पट्टीवर दीडशे?"

"पट्टी काय, पट्टी. पैसे घ्या परत आणि विषय मिटवा."

पैसे मी तिथेच टाकून आलो. पैशांसाठी गेलोच नव्हतो. मिस्त्री नसते तर मावशी त्या दिवशी मुक्या भोंग्यापुढे उभी राहिली असती आणि बाजार हसला असता. तो दुकानदार आज नसेलही, पण दुकान चालू आहे, मी पाहून आलो. गादीवर जो कोणी बसला असेल त्याने मला सांगावं, साठाच्या डब्यावर दीडशेची पट्टी कोणत्या हाताने ठोकली? जड मागणारा माणूस अडाणी आहे, हे ओळखून ठोकली की नाही? हो किंवा नाही, एवढंच पाहिजे.