नानांना गेटवर अडवलं

मंडळी, मी ग्रुपवर कधी बोलत न्हाई, नुसता अंगठा देते. आज मात्र लिहिते.

नववीत माझी शाळा सुटली. आता शाळा-कॉलेजच्या सिक्युरिटीचं ट्रेनिंग घेतेय. आज आमचा सराव आमच्याच चऱ्होलीतल्या एका शाळेच्या गेटवर होता. सकाळीच ट्रेनिंगच्या सरांनी बजावलं, पालकाचं कार्ड बघितल्याबिगर पोर कुणाच्या ताब्यात द्यायचं न्हाई.

दुपारी आमच्याच गावातले नाना पहिलीतल्या पुतणीला न्यायला आले. कार्ड नव्हतं. मी गेट धरून उभी राहिले.

"कुणाची गं तू?"

मी वडलांचं नाव सांगितलं.

"मग मला वळखत न्हाईस व्हय? ही शाळा आमच्याच वावरात उभी हाय."

"वळखते नाना. पण कार्ड लागतं." आवाज इतका बारीक निघाला की दोनदा सांगावं लागलं.

तेवढ्यात सर धावत आले. "अगं, नाना हायेत. सोड की."

मी म्हटलं, पोरीच्या आईला फोन लावा. लावला. आई हो म्हणाली, तेव्हाच मी पोरीला बाहेर सोडलं.

नाना जाताना हसले, "लई शानी झालीस."

आता सर म्हणतात, उद्या नानांच्या घरी जाऊन माफी माग, न्हाईतर पास करणार न्हाई. घरचेबी म्हणतात, जा, गावात राहायचंय आपल्याला.

मी जाणार न्हाई. नाना चांगले हायेत, पण उद्या दुसरा कुणी काका म्हणून आला, तर त्यालाबी तोंड बघून सोडू का?

तुमची पोरगी आत असती, तर तुम्ही मला काय करायला सांगितलं असतं?