आईची अर्धी ओळ

त्या जुन्या रॉक बँडचा नवा अल्बम आलाय. सत्तरी ओलांडून पुन्हा दौऱ्यावर निघालेत. मीरा रोडच्या घरात फोनवर लावला आणि नाकात उत्तनच्या किनाऱ्यावरच्या वाळत्या बोंबलांचा वास भरला.

कॉलेजात असताना, उत्तनला पास्कलच्या घरी, मी त्यांचाच अल्बम एका कॅसेटवर भरला होता. कोरी समजून. तिच्यावर पास्कलच्या वारलेल्या आईनं लग्नाच्या रीतीनं विहिरीचं पाणी आणताना म्हटलेली गाणी होती. बँडची कॅसेट उलटताना ही नुसतीच फिरत राहिली, रेकॉर्डचं बटण मी उशिरा दाबलं, म्हणून दोन गाण्यांच्या मधे तिची अर्धी ओळ पुसायची राहिली.

"आई हाय ती," पास्कल म्हणाला. मग तेवढंच पुन्हा पुन्हा ऐकत बसला.

अजूनही या बँडचं गाणं संपलं, की पुढचं सुरू होईपर्यंत मी आवाज वाढवतो.