ताडपत्री बांधलेलं रॉकेट

झेरॉक्सच्या दुकानात माणसं मूळ कागद विसरतात आणि गोष्टी तर हटकून सोडून जातात. वीस वर्षांत दोन्हींचा ढीग झालाय. कागद न्यायला निदान कोणीतरी परत येतं! त्या ढिगातल्या रॉकेटच्या गोष्टी तेवढ्या सांगतो. शपथेवर सांगतो, अक्षर न् अक्षर खरं आहे. म्हणजे, एक ठिकाण सोडून. तिथे जरा हात फिरवलाय. पूर्वी अख्खी गोष्ट रचायचो. आता पन्नाशीनंतर एवढाच दम उरलाय.

*

आमचा शश्या टेम्पोवाला. मिरकरवाड्याच्या बंदरातून मासळीचे खोके भरायचे आणि हायवेवर हातखंब्याला टाकायचे, हा जन्म. त्याची मुलगी मुग्धा पुण्यात इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला. तिला बंगळूरची नोकरी चालून आली. शश्याचा हट्ट, इथेच राहा, रत्नागिरीत कॉलेजात शिकव. दिवाळीच्या सुट्टीत बापलेकीचं माझ्या दुकानातच वाजलं. शेवटी पोरीने माझ्या कॉम्प्युटरवर रॉकेट उडवायचा गेम टाकला.

"बाबा, मे संपेपर्यंत मला कंपनीला कळवायचंय. तोवर एक रॉकेट वर पाठवून दाखवा. पृथ्वीभोवती फिरत राहिलं पाहिजे, खाली पडायचं नाही. जमलं तर मी इथेच राहते."

"एवढंच? मी रोज दीड टन माल घाटी चढवतो गो!"

"म्हणूनच नाही जमणार!"

*

पहिल्या रॉकेटवर शश्याने माल भरला. बाहेरून दोन शिड्या, सहा दिवे, जादा टाक्या.

"आतल्या माणसाला वाटेत काय लागलं तर?"

रॉकेट उठलं, जरा वर गेलं, दमलं आणि आम्ही दुपारी होतो तसं आडवं झालं.

मुग्धाने फोनवर समजावलं. बाहेर आलेली प्रत्येक वस्तू हवा अडवते. त्याला ड्रॅग म्हणतात. "बाबा, निदान एक शिडी काढा."

शश्याने शिडी काढली. तिच्या जागी दोन दिवे लावले!

*

मग रुबाब म्हणून त्याने पंख वरच्या टोकाला लावले. रॉकेटने हवेत कोलांटी मारली.

माझ्या बाकावर तात्या पेंगत होते. हे लाकडी होड्या बांधायचे. फायबरच्या आल्यापासून माझ्या पंख्याखाली असतात. एक डोळा उघडून म्हणाले, "सुकाणू होडीच्या पुढच्या टोकाला बांधतात काय रे मेल्या?"

मग उठले. "थांब, मागून बघू," म्हणाले आणि मॉनिटरच्या मागे गेले.

"हात्तिच्या! हितं नुसत्या वायरी हायत!"

पंख मात्र त्या दिवशी खाली आले. रॉकेट सरळ जायला लागलं.

*

तरी इंधन अर्ध्या वाटेत संपायचं. चढ दिसला की शश्याचा पाय पूर्ण खाली!

तात्यांनी विचारलं, "भाट्याच्या पुलावर समोरून वारा असला की टेम्पो पळवतोस?"

"नाय. नुसतं डिझेल खातो आणि जागचा हलत नाय."

"मग हितं कोणाची घाई?"

मुग्धाचं म्हणणं तेच. वेग दुप्पट केला की ड्रॅग चौपट. खाली हवा दाट, तिथे दमाने घ्यायचं. वर पातळ झाली की पळायचं.

शश्या खुर्चीत मागे रेलला. "म्हणजे मी आख्खा जन्म दाट हवेतच गाडी पळवली म्हण की!"

*

मालावर घालायचं एक निमुळतं कवच त्या गेममध्ये मिळतं. वर पोचलं की गळून पडतं. शश्याला लगेच ओळख पटली. "ताडपत्री!"

त्यानंतर अख्खी दुपार तो दोरी शोधत होता.

"ताडपत्री दिलीन आणि दोरी नाय? हा गेम बनवलान तरी कोणी?"

*

मेचा शेवटचा रविवार. शश्याने उरलेली शिडी काढली, सगळे दिवे काढले, कवच चढवलं. दाट हवेतून हलक्या पायाने नेलं, मग पृथ्वीभोवती फिरायला हळूहळू आडवं वळवलं. तात्या उभे राहिले. मी गिऱ्हाईक नको म्हणून शटर अर्धं ओढलं. कवच गळलं. थोडंसंच राहिलं होतं, आणि इंधन संपलं. पडलं.

शश्या फोन घेईना. मीच बोललो. "मुग्धा, पडलं गो."

 "काका, किती उंचीवरून?" तिने विचारलं.

मी एक आकडा सांगितला.

जूनमध्ये ती बंगळूरला गेली. शश्यानेच टेम्पोतून स्टेशनवर सोडलं.

आता हात कुठे फिरवलाय ते सांगतो. रॉकेट पडलं नव्हतं. त्याच्या दोन फेऱ्या पुऱ्या होईपर्यंत आम्ही तिघे बघत बसलो होतो. मग शश्याने नंबर लावला, फोन माझ्या हातात दिला आणि म्हणाला, "नाना, थाप तुला जमते. तूच सांग."