पडद्यांचा लाल दोरा

नव्या कलेक्टर कचेरीसाठी बायकोने शिवलेल्या पडद्यांची पक्की शिवण मी कच्चे टाके समजून उसवून टाकली. तेही ब्लेडने, अगदी मन लावून.

लातूर नुकतंच जिल्हा झालं होतं. पाऊस मात्र नवी हद्द विचारत कुठंतरी अडकला होता. मोंढ्यात मालाची आवक नाही. मी ज्या आडतीवर मुनीम होतो तिथं दिवसभर माशा आणि मी. शेवटी मालकाने मला घरी बसवलं, माशा ठेवून घेतल्या. घर चालत होतं ते बायकोच्या शिलाई मशिनवर. कचेरीने तिला नमुन्यादाखल एका खोलीचे पडदे शिवायला दिले होते. पसंत पडले तर सगळ्या कचेरीचं काम तिला मिळणार होतं. नाही पडले तर आमची चूल त्या पावसासारखीच.

कापडाचा पन्हा लहान, म्हणून प्रत्येक पडद्याला दोन पाट जोडावे लागत. बायको ही जोड नुसती मशिनच्या टिपेवर सोडत नसे. एका पाटाची कड दुसऱ्याच्या कडेवर दुमडायची, सुटी सुतं आत कोंडायची आणि ती घडी जाड लाल दोऱ्याने हाताने टाचायची. तिच्या माहेरी देवणीकडं पोळ्याच्या झुली अशाच शिवतात. बैलाने कितीही अंग झाडलं तरी कापड फाटेल, शिवण हलणार नाही. वर दिसायलाही झोकदार.

मी मात्र शिंप्याकडं ट्रायलच्या कोटावर असेच लांब टाके पाहिले होते. ते शेवटी काढून टाकतात, एवढं माझं शिवणशास्त्र. ती टँकरच्या रांगेला गेल्यावर म्हटलं, आपलाही हातभार लागू द्यावा. घागर घेऊन ती दारात आली तेव्हा मी लाल दोऱ्याचा गुंडा तिच्यापुढं धरला.

तिने घागर अलगद खाली ठेवली. थेंब सांडला नाही.

"समदे काढले?"

"येक बी ठेवला न्हाई," मी छाती काढून म्हटलं.

पडदे संध्याकाळी द्यायचे होते. सुतं सुटली होती, आणि कापडावर सुईची भोकं राहिली होती. धुतलं असतं तर ती मिटली असती, पण प्यायलाच पाणी नव्हतं. तिने थोडा वेळ कापड उजेडाला धरलं. मग कड पुन्हा दुमडली आणि साध्या टाक्याऐवजी रुंद साखळी टाका घालायला घेतला. एकेक भोक साखळीखाली नाहीसं होत गेलं. तिचा हात कुठं अडला नाही, घाई दिसली नाही. मी कापड ताणून धरायला बसलो होतो. बघता बघता ताणायचंच विसरलो. दोनदा तिचं कोपर बसलं.

कचेरीत हेडक्लार्कने पडदा दोन्ही हातांनी ओढून बघितला, शिवणीवरून बोट फिरवलं. खुश झाला. बाकीच्या खोल्यांचं कापड आलंच होतं. अशा वेळी पुरुषमाणसाशी बोलायची रीत, म्हणून त्याने मला विचारलं, "मग मालक, कापड तुमच्या ताब्यात देऊ ना?"

मी घसा साफ केला, तेवढ्यात बायको मधे आली.

"माझ्या ताब्यात द्या, सायेब. ह्यांना निस्तं गठुडं उचलायला आणलंय."